एका पानाची मुंबई

मराठीत समीक्षकांची उणीव कधीच नव्हती. एखादा कवितासंग्रह छापखान्यातून बाहेर पडायचा अवकाश, की विकल्या गेलेल्या प्रतींपेक्षा त्याच्यावरची परीक्षणं जास्त भरतात. नाटकाचा पडदा पडून प्रेक्षक चपला शोधतात न शोधतात, तोच समीक्षकाचं पहिलं वाक्य तयार असतं. पण ज्या विषयात प्रत्येक मराठी माणूस जन्मतःच अधिकारी आहे, त्या खाण्याच्या जागांची समीक्षा मात्र आपल्याकडे पोरकीच राहिली. घरी आमटीची वाटी ताटात टेकायच्या आत 'मीठ कमी आहे' असा निकाल देणारा गृहस्थ बाहेरच्या हॉटेलाबद्दल विचारलं, की 'बरं असतं हो' एवढ्यावर येतो. त्यात हॉटेलचं काही कळत नाही. घरच्या माणसांची मात्र कीव येते.

आता ही उणीव म्हणे भरून निघाली आहे. आमच्या भाच्याच्या फोनवर मुंबईतल्या झाडून सगळ्या हॉटेलांना तारे दिलेले आहेत. आमच्या लहानपणी तारे आकाशात असायचे आणि गणिताच्या पेपरात भर दुपारी दिसायचे. आता ते डोशावर दिसतात. तेही पूर्ण नाहीत. चार पूर्णांक तीन दशांश! हा तीन दशांश तारा सांबारातला की चटणीतला, हे कुणी सांगत नाही. एका जुन्या इराण्याच्या हॉटेलाला कुणीसं एकच तारा दिलेला मी स्वतः पाहिला. कारण काय, तर गाडी लावायला जागा नाही. उद्या ज्ञानेश्वरीला एक तारा देऊन खाली 'अक्षर बारीक आहे' असं लिहायला हे लोक कमी करणार नाहीत.

तेव्हा हे काम आता जाणत्याने हाती घ्यायला हवं, असं ठरवून मी ते हाती घेतलं आहे. माझा अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. मी मिरजेचा. गेली चाळीस वर्षं महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरत आलो आहे. कधी मंत्रालयातल्या एका सहीसाठी, कधी कुणाच्या लग्नासाठी, कधी कुणाच्या ऑपरेशनसाठी. मुक्काम डोंबिवलीला मावसभावाकडे असतो आणि काम मात्र फोर्टात. त्यामुळे दुपारचं जेवण नेहमीच बाहेर आणि नेहमीच एकट्याने. मुंबईच्या खाण्याबद्दल बोलायचा अधिकार अशा परगावच्या माणसालाच आहे, मुंबईकराला नाही. कारण मुंबईकर मुंबईत जेवत नाही. तो डबा नेतो. मी मावसभावाला एकदा विचारलं, ''काय रे, तीस वर्षं इथं राहतोस, चांगलं जेवण कुठं मिळतं?'' त्याने खूप विचार केला आणि म्हणाला, ''आमच्या ऑफिसखाली एक सँडविचवाला आहे.'' पंढरपुरात राहणाऱ्याची वारी राहूनच जायची, तशातला हा प्रकार.

समीक्षा म्हटली की निकष आले. माझे निकष तीन आहेत आणि तिन्ही पोटातून आले आहेत. पहिला असा, की दारात एकटा माणूस उभा राहिला तर त्याला जागा मिळते का? चौघांचं टेबल एकट्याने अडवलं म्हणून मालकाच्या कपाळावर आठी पडते की नाही, हे मला आधी पाहायचं असतं. दुसरा, भाव भिंतीवर किंवा कार्डावर सरळ लिहिलेला आहे का? खिशातल्या नोटा टेबलाखाली मोजाव्या लागल्या, तर घशाखाली काही उतरत नाही. आणि तिसरा, उठायची घाई कोण करतं, भूक भागलेला माणूस की फडकं घेऊन मागे उभा असलेला पोऱ्या? चव हा निकष यात नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल. चव मी गृहीत धरतो. वृत्तात चुकलेल्या कवितेची समीक्षा करायची नसते, तसं ज्याला फोडणी जमत नाही त्याच्यावर शाई वाया घालवायची नसते.

आता प्रत्यक्ष ग्रंथांकडे वळू.

मंगलाचरण बोरीबंदरला होतं. त्याचं नाव १९९६ मध्ये बदललं आणि २०१७ मध्ये त्याला आणखी एक शब्द जोडला गेला, पण गाडीतून उतरताना रात्रभराच्या प्रवासाने आंबलेल्या तोंडातून 'बोरीबंदर'च निघतं. समोरचा रस्ता ओलांडला की गल्लीत पंचम पुरीवाला. पुरी आणि बटाट्याची भाजी. एवढ्या साध्या मजकुरावर इतकी वर्षं टिकणं हे येरागबाळ्याचं काम नोहे. इथे टेबलाला अनोळखी माणसं एकमेकांना खेटून बसतात. कुणाच्या पायाशी वळकटी, कुणाच्या मांडीवर कोर्टाची फाइल. कुणी कुणाशी बोलत नाही, पण पुऱ्या संपत आल्या की शेजारच्याचा हात आपोआप वर होऊन दोघांसाठी मागवल्या जातात. मुंबई परक्या माणसाला पहिली ओळख करून देते ती अशी. न बोलता, गरम आणि दोन-दोनच्या हिशेबात.

पोट असं मार्गी लागलं की मन इराण्याकडे धाव घेतं. धोबीतलावाची कयानी १९०४ सालची. विसाव्या शतकाच्या तोंडावर इराणातून, विशेषतः यझ्दच्या बाजूने, जी झोरास्ट्रियन माणसं मुंबईत आली, त्यांनी या शहराला कोपरा दिला. कोपऱ्यावरचं दुकान आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना अशुभ वाटायचं, म्हणून ते इराण्यांना स्वस्तात मिळालं, असं सांगतात. खरं असेल तर अंधश्रद्धेने समाजाचं भलं केल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. दोन रस्त्यांकडे उघडी दारं, संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि भिंतीला आरसे. हे आरसे सजावटीचे आहेत असं लोक म्हणतात. माझं मत वेगळं आहे. एकटा चहा पिणाऱ्याला समोर कुणीतरी असावं, म्हणून ते आहेत.

बन-मस्का हा वाङ्मयप्रकार म्हणून लघुकथेच्या जवळचा. पात्रं दोनच, पाव आणि मस्का. कथानक नाही आणि शेवट चहात बुडालेला. ब्रून पाव त्या मानाने नवकथेसारखा. वरून कठीण, दातांना काम देणारा आणि आत शिरल्यावर कळणारा. पण इराण्याची खरी थोरवी बेकरीत नाही. एका कपाच्या भावात त्याने माणसाला बसू दिलं, ही त्याची थोरवी. नोकरीच्या मुलाखतीआधीचा एक तास, निकाल लागल्यानंतरचा एक तास, घरी काय सांगायचं ते ठरवायला लागणारा अर्धा तास, हे सगळे तास मुंबईत कुठे घालवायचे, या प्रश्नाचं उत्तर पन्नास-साठ वर्षं इराणी देत होता. अशी हॉटेलं एकेक करून मिटत चालली, तेव्हा मावा केक गेला म्हणून लोक हळहळले. मला त्या अर्ध्या तासाची काळजी वाटते. तो आता माणसं कुठे घालवत असतील?

इराणी विषय निघाला की बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाला वळसा घालून जाता येत नाही. १९२३ चं हॉटेल. बेरी पुलावातली ती आंबट, लालचुटूक बेरी इराणची. आमची ही पहिल्यांदा तिथे आली, तेव्हा पहिला घास घेऊन म्हणाली, ''आमसुलाचा मोठा भाऊ दिसतोय.'' एवढं नेमकं परीक्षण मी दुसरं वाचलेलं नाही. तिथले मालक बोमन कोहिनूर २०१९ मध्ये गेले. नव्वदी उलटल्यावरही ते टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांशी बोलत. इंग्लंडच्या राणीवर त्यांची भक्ती, आणि २०१६ मध्ये तिचा नातू विल्यम मुंबईत आला तेव्हा तो त्यांना भेटलाही. पण बेलापूरच्या कारकुनाशीही ते त्याच अदबीने बोलत. तारे मोजणाऱ्यांच्या गणितात हे कुठल्या खात्यात जमा करायचं? 'सेवा' या खात्यात ते मावत नाही. आपल्याकडे त्याला आतिथ्य म्हणतात, आणि ते बिलात लावता येत नाही.

यानंतर माटुंगा. माटुंग्याला मी तीर्थक्षेत्र मानतो, आणि तीर्थक्षेत्राप्रमाणेच तिथेही रांग असते. राम आश्रय १९३९, कॅफे मद्रास १९४०, आणि रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२. तीन-चार वर्षांत, तेही महायुद्धाच्या धामधुमीत, एका उपनगरात तीन महाकाव्यं निपजली! १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं, म्हणजे यांचा बारसं जेवायचा काळ टंचाईचा. त्यात ही टिकली, तेव्हा पुढे काहीच त्यांचं वाकडं करू शकलं नाही, यात नवल नाही. राम आश्रयाचा अननसाचा शिरा खाताना सत्यनारायणाच्या पूजेला न जाता प्रसाद मिळाल्याचं समाधान होतं. कॅफे मद्रासमध्ये रसम-इडली नावाची चीज आहे. इडली सांबारात बुडते ती व्यवहार म्हणून, पण रसमात बुडते ती मोक्षासाठी.

तरी माझ्या निकषांवर माटुंग्याचा पहिला नंबर रामा नायकांच्या बोर्डिंगचाच. स्टेशनाला लागून असलेल्या इमारतीचा पहिला मजला. 'बोर्डिंग' हा शब्दच पाहा. हॉटेल नव्हे, रेस्टॉरंट नव्हे. घरापासून लांब आलेल्या माणसाची नियमित जेवायची सोय, असा त्याचा अर्थ. मंगळूर-उडुपीहून, मद्रासेकडून मुंबईत कारकुनी करायला आलेल्या पोरांना घरचा भात लागायचा, त्यातून ही बोर्डिंगं उभी राहिली. इथे एकटा माणूस हा अपवाद नसून नियम आहे. केळीच्या पानावर जेवायचं म्हटलं तर माणूस कितीही मोठ्या गोतावळ्याचा असो, पान एकाचंच असतं. तुमच्या शेजारी कोण बसणार, हे तुम्ही ठरवत नाही. एकदा माझ्या डाव्या हाताला गळ्यात स्टेथॉस्कोप अडकवलेला एक मुलगा होता आणि उजव्या हाताला धोतर नेसलेले एक आजोबा. वाढप्याने तिघांनाही एकाच बादलीतून रसम वाढलं आणि तिघांनाही एकाच नजरेने विचारलं, ''राइस?'' समतेवर मी बरीच व्याख्यानं ऐकली आहेत. इतकं आटोपशीर एकही नव्हतं.

आता आपल्या माणसांकडे येऊ. म्हणजे दादर-गिरगाव. इथे समीक्षकाची खरी परीक्षा असते, कारण नातेवाईकाच्या पुस्तकावर लिहिणं कधीही अवघड. मराठी उपाहारगृहातला पदार्थ उत्तम असतो, जागा स्वच्छ असते, भाव रास्त असतो आणि मालकाचा चेहरा मॅट्रिकच्या परीक्षेत पहारा करणाऱ्या मास्तरांसारखा असतो. 'काय हवंय?' हा प्रश्न फिर्यादीच्या वकिलाच्या सुरात विचारला जातो. एका ठिकाणी (नाव सांगत नाही, गावात पुन्हा तोंड दाखवायचं आहे) मी दुपारी दोनला गेलो. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ''एकटेच?'' त्या एका शब्दात इतकी निराशा होती, की उद्या येताना चार माणसं भाड्याने आणावीत असं मला वाटून गेलं. मग त्यांनी मला हात धुवायच्या नळाशेजारचं टेबल दिलं. थालीपीठ अप्रतिम होतं. माझ्या डाव्या बाहीवर उडालेल्या पाण्यासकट अप्रतिम होतं.

पण पदार्थांपुरतं बोलायचं, तर दादरला तोड नाही. मामा काण्यांनी १९१० मध्ये 'स्वच्छ उपाहारगृह' काढलं. नावातच 'स्वच्छ' घालायचं धैर्य मराठी माणसाचंच. त्या घराण्याचा बटाटेवडा म्हणजे पाठांतराची गोष्ट. प्रकाशचा साबुदाणा वडा आणि त्यावर पियूष हा उपासाचा पदार्थ मानतात. खाऊन उठताना दोन जणांचा आधार लागतो ती गोष्ट वेगळी. गंमत अशी, की साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आला. बटाटा आणि मिरचीही त्याच वाटेने आली. म्हणजे एकादशीला आपण ज्या पदार्थांनी पावित्र्य राखतो, त्यांतले निम्मे कोलंबसाच्या आधी आपल्या देवांनीही पाहिले नव्हते. हे मी घरी बोलून दाखवलं, तेव्हा ही म्हणाली, ''मग तुम्ही वरी खा.'' समीक्षकाला घरात मान नसतो तो असा.

शिवाजी पार्काजवळचं आस्वाद १९८६ चं. त्यांच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमधल्या एका खाद्यस्पर्धेत जगातला सर्वोत्कृष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं गेलं. ही बातमी आली, तेव्हा आमच्या मिरज-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात काही घरांत चूल पेटली नाही, असं म्हणतात. यावर निःपक्षपाती मत द्यायचं, तर मुंबईची मिसळ ही सुशिक्षित मिसळ आहे. ती तुम्हांला 'या, बसा' म्हणते. आमच्याकडची मिसळ आधी कानाखाली वाजवते आणि मग ख्यालीखुशाली विचारते. आमच्या कटाने डोळ्यांतून पाणी येतं, मुंबईच्या मिसळीने फार तर चष्मा पुसावा लागतो. पण दिवसभर लोकलने लोंबकळून आलेल्या माणसाला आणखी मार कशाला द्यायचा, असा विचार मुंबईच्या स्वयंपाक्याने केला असेल, तर तो माणुसकीला धरूनच आहे. आस्वादची मिसळ मी आवडीने खातो. मिरजेत फक्त ते सांगत नाही.

ताडदेवचं स्वाती स्नॅक्स १९६३ चं. तिथली पानकी केळीच्या पानाच्या दोन पदरांत शिजते आणि पान उलगडलं की पिवळाधमक, पातळ कागद निघावा तशी हाती येते. इथे आधी नाव लिहून द्यावं लागतं आणि बाहेर थांबावं लागतं. पण एकट्याचा इथे एक फायदा आहे. सहा-सहा जणांची कुटुंबं ताटकळत असतात आणि मध्येच कोपऱ्यात एक खुर्ची रिकामी होऊन तुमचा पुकारा होतो. त्या क्षणी एकटेपणाबद्दल जो अभिमान वाटतो, तो ब्रह्मचाऱ्यालाही वाटत नसेल. आणि गोडाचं म्हणाल तर चर्चगेटजवळ के. रुस्तम. आइस्क्रीमची वडी दोन वेफरच्या मध्ये घालून हातात देतात. फूटपाथवर उभं राहून खायची. खाणाऱ्याला मुदत घालून देणारी ही एकच कलाकृती मला माहीत आहे. मत बनवण्यात वेळ घालवला, तर ते कोपरापर्यंत ओघळतं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, की यादी झाली, आता पुरे. पण ज्या जागेवरून मी हे निकष काढले, ती यादीत नाही. तिला नाव नव्हतं, पाटी नव्हती आणि आता ती जागाही नाही.

आमचे एक चुलते लालबागला गिरणीत होते. घाटावरची आणि कोकणातली हजारो माणसं तेव्हा कुटुंब गावी ठेवून गिरणगावात राहायची. एका खोलीत पाळीपाळीने झोपायची आणि जेवायची कुठल्यातरी बाईंच्या खानावळीत. खानावळ म्हणजे त्या बाईंची राहती खोली. स्टोव्ह, दोन पातेली, भाकरीची परात आणि भिंतीला टेकून बसलेले आठ-दहा जण. पैसे पगाराला. लहानपणी चुलत्यांनी मला एकदा तिथे नेलं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, विचारलं काही नाही, आणि सर्वांत आधी माझं पान वाढलं. चुलत्यांची पाळी सुटायला उशीर झाला, तर त्यांची भाकरी झाकून ठेवलेली असे. 'अमक्याची' म्हणून ठेवलेली. अडीच-तीन लाखांच्या गर्दीत आपल्या नावाची भाकरी कुणीतरी झाकून ठेवतं, एवढ्या आधारावर माणसं तीस-तीस वर्षं त्या शहरात राहिली.

या बायकांना तारे कुणी दिले नाहीत. सावकाराचं व्याज मात्र भरपूर होतं. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. खानावळवालीही धंदा करते, तिला हिशेब येतो आणि ती कर्ज फेडते, हे बँकेच्या साहेबाला पटवणं ही माझ्या मते मुंबईच्या खाद्यसमीक्षेतली सर्वांत मोठी कामगिरी. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. संप मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही, नुसत्या गिरण्या मिटल्या. पगार थांबले, तशा वह्यांतल्या उधाऱ्याही थांबल्या. चुलते गावी परत आले. रोजंदारीवर जायचे. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ते लालबागला मनीऑर्डर पाठवत होते. कधी दहा रुपये, कधी पंधरा. काकू एकदा चिडून म्हणाली, ''संपात सगळ्यांचंच बुडालं, एकट्या तुमचंच पेटलंय होय?'' चुलते म्हणाले, ''तिनं माझी भाकरी झाकून ठेवली होती गं.'' यावर काकू काही बोलली नाही. पुढच्या महिन्याची मनीऑर्डर तिनेच पोस्टात नेऊन केली.

त्या गिरण्यांच्या जागेवर आता मॉल आहेत. मध्यंतरी भाच्याने मला एकात नेलं. खाण्याचं दालन एवढं मोठं, की त्यात आमच्या मिरजेचं एसटी स्टँड मावेल. आणि खरं सांगायचं, तर तिथे एकट्या माणसाची सोयही होती. उंच स्टूल आणि भिंतीला लावलेली अरुंद फळी. तोंड भिंतीकडे करून खायचं. माझ्या शेजारी पाच-सहा तरुण पोरं-पोरी अशीच ओळीने बसून जेवत होती. प्रत्येकाच्या कानात बोंडं, प्रत्येकाच्या समोर फोन. पहिल्या निकषावर त्या जागेला पूर्ण गुण द्यावे लागतील. जागा मिळाली, एकट्याला मिळाली आणि कुणी आठी घातली नाही. भावही लिहिलेला होता, इतका ठळक की तो वाचून माझी अर्धी भूक तिथेच भागली. उठायचीही घाई कुणी केली नाही. तिन्ही निकषांत पास! तरी तिथून उठताना आपण जेवलो असं वाटलं नाही. भरून घेतलं असं वाटलं, पंपावर गाडीत भरतात तसं. मग मला चौथा निकष लिहावा लागला. उद्या तुम्ही आला नाहीत, तर कुणाच्या लक्षात येईल का? पंचमकडे नाही येणार, कबूल. कयानीत कदाचित. माटुंग्याचा वाढपी चार दिवसांनी विचारील. खानावळवाल्या बाई त्याच रात्री विचारायच्या.

ही सगळी समीक्षा मी एका वहीत नीट उतरवून ठेवली होती. ती उपयोगात आणायची वेळ गेल्या महिन्यात आली. शेजारच्या जोश्यांच्या मुलाला मुंबईत नोकरी लागली. जोशीकाकू म्हणाल्या, ''तुम्ही मुंबईचे माहीतगार. कुठं जेवायचं ते लिहून द्या हो त्याला.'' मी दोन संध्याकाळी खपून यादी केली. पत्ते, स्टेशनची बाजू, काय मागवावं, काय मागवू नये, सगळं. मुलाने ती आदराने वाचली. वाचून झाल्यावर म्हणाला, ''काका, यातलं रात्री दीडला कुठलं उघडं असतं? माझी शिफ्ट अमेरिकेच्या घड्याळावर आहे.''

चाळीस वर्षांच्या व्यासंगाला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी त्याला म्हटलं, ''बाबा रे, वडापावची गाडी शोध. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमाराला अशोक वैद्यांनी पावात वडा घातला असं सांगतात, तोही अशाच घाईतल्या, पाळीवरच्या माणसांसाठी. एखादी गाडी उशिरापर्यंत असेलच. रोज तिथेच जा. दहा दिवसांनी त्याने न विचारता मिरची जास्त दिली, तर समज, की तुझी सोय झाली.''

तो म्हणाला, ''आणि नाही दिली तर?''

''तर मला कळव,'' मी म्हटलं. ''यादीत दुरुस्ती करायला लागेल.''

परवा त्याचा फोन आला होता. गाडीवाला त्याला अजून ओळखत नाही. पण दुसऱ्या एका शिफ्टवाल्या मुलाशी त्याची तिथे ओळख झाली आहे, आणि जो आधी पोचेल तो दोघांचे घेऊन ठेवतो. पेपरात गुंडाळून. झाकून.